उरलेल्या लाकडाची मांडणी: करवत हातात घेण्याआधीची तयारी

उरलेलं लाकूड बहुतेक वेळा अरुंद असतं. दहा-बारा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या, हातभर लांबीचे प्लायचे तुकडे, चौकटीच्या कामातून राहिलेले ठोकळे. यातून काय होणार म्हणून ते माळ्यावर पडून राहतं. पण स्वयंपाकघरात रुंद फळीचा फारसा फायदा नसतो. खोल कप्प्यात मागची बरणी दिसत नाही, दिसत नाही म्हणून वापरली जात नाही, आणि कधी हवी झालीच तर पुढच्या चार बाजूला काढाव्या लागतात. एका रांगेत एकच बरणी राहील इतकी उथळ मांडणी सगळ्यात जास्त वापरात राहते, आणि तिला अरुंद पट्ट्याच लागतात. पुढची सगळी तयारी भिंतीवर टांगायच्या अशा एका साध्या मांडणीची आहे.

सुरुवात लाकडापासून करू नका, सामानापासून करा. ज्या बाटल्या-बरण्या तिथे ठेवायच्या आहेत त्या ओट्यावर एका ओळीत मांडा. सगळ्यात जाड बाटलीचा व्यास घ्या (पुष्कळदा झाकण हाच सगळ्यात रुंद भाग असतो), सगळ्यात उंच बाटलीची उंची घ्या, आणि एक भरलेली बाटली वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. हे वजन पुढे भिंतीचे स्क्रू निवडताना लागतं. अंदाजाने ठरवलं तर माणूस हमखास कमी धरतो, कारण काच किती जड असते ते लक्षात येत नाही.

मग जागा. शेगडीच्या वर किंवा अगदी लगत नको. उष्णता, वाफ आणि तेलकट थर या तिन्ही गोष्टी लाकडाला आणि बाटलीतल्या सामानाला वाईट. सिंकच्या वरही नको. दार, खिडकी, फ्रीजचं दार पूर्ण उघडून बघा. डोक्याची टक्कर कुठे होईल तेही उभं राहून बघा, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला उभं करून.

आता लाकडाची निवड, आणि खरा वेळ इथेच द्यायचा. फुकटच्या लाकडात निवडण्यापेक्षा नाकारण्याचं काम जास्त असतं, आणि ते निष्ठुरपणे करावं. सगळे तुकडे उजेडात काढा आणि एकेक हातात घ्या. पृष्ठभागावरून लोहचुंबक फिरवा. तुटलेल्या खिळ्याचं डोकं डोळ्याला दिसत नाही, पण करवतीच्या दाताला बरोबर सापडतं. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर तो तुकडा रात्रभर काळ्या कागदावर ठेवून सकाळी टिचकी मारा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे असं समजून तो घराबाहेर. भोकं जुनी असतील, भुसा पडत नसेल, तरी स्वयंपाकघरासाठी मी तो घेणार नाही. माळ्यावरच्या खोक्याला चालेल.

जुना रंग असलेलं लाकूड असेल तर थांबा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ सगळीकडे बसते. रंग किती जुना आहे ते माहीत नसेल तर तुकडा सोडून द्या. हिरवट छटा असलेलं, बाहेरच्या कामासाठी औषध मारलेलं लाकूडही नको; जुन्या प्रकारच्या औषधात आर्सेनिक असायचं. मालवाहतुकीच्या पॅलेटच्या पट्ट्या असतील तर त्यावरचा डागलेला शिक्का वाचा. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. आणि ‘एचटी’ असलं तरी त्या पॅलेटवर प्रवासात काय सांडलं ते शिक्का सांगत नाही. डाग दिसला, वास आला, की बाद.

ओलावा तपासायला यंत्र लागत नाही. तुकडा वजनकाट्यावर ठेवा, पेन्सिलीने त्याच्यावरच वजन आणि तारीख लिहा, आणि घरातच हवेशीर जागी ठेवून चार-पाच दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरत असेल तर लाकूड अजून वाळतंय. आकडा स्थिर झाला की कामाला घ्या. ओल्या लाकडाची मांडणी पहिल्या दिवशी काटकोनात असते आणि पुढे वाळता वाळता वाकते. पीळ बघण्यासाठी पट्टी ओट्याच्या सपाट दगडावर ठेवून चारही कोपरे दाबा. डगडगली तर तिचे आखूड तुकडे करून वापरता येतील, लांब बाजूसाठी नाही.

प्लाय चांगला, कारण तो हवेप्रमाणे फारसा फुगत-आकसत नाही. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि भुशाचा बोर्ड मात्र पाणी लागलं की कडेने फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. ओट्याजवळ तो नकोच. भरीव लाकूड आडव्या दिशेने हलतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. दहा सेंटीमीटरच्या पट्टीत ही हालचाल इतकी थोडी असते की काळजीचं कारण नाही. अरुंद तुकड्यांचा हा आणखी एक फायदा.

निवड झाली की कापण्याची यादी कागदावर. समजा बाटली ७ सेंटीमीटर व्यासाची आणि १५ सेंटीमीटर उंच आहे, आणि लाकूड १८ मिलिमीटर जाड आहे. मांडणीची बाहेरची रुंदी ५० धरली तर आडव्या फळ्या ५० सेंटीमीटरच्या कापायच्या नाहीत. दोन्ही बाजूंची जाडी वजा करून ४६४ मिलिमीटर. तेवढ्यात सहा बाटल्या बसतात आणि बोटं घालायला थोडी जागा उरते. खोली १० सेंटीमीटर, कारण मागे १८ मिलिमीटरची टांगायची पट्टी येणार आणि तिच्यापुढे ८२ मिलिमीटर उरले पाहिजेत. दोन फळ्यांमध्ये १९ सेंटीमीटर मोकळे ठेवा, म्हणजे बाटली तिरकी न करता उचलता येते. वरचा कप्पा उघडाच असल्याने तिथे एवढी जागा लागत नाही, म्हणून बाजूच्या दोन पट्ट्या ६० सेंटीमीटरच्या पुरतात. तीन फळ्या, दोन बाजू, मागे वर आणि खाली अशा ५ सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या, आणि पुढे कठड्यासाठी तीन बारीक पट्ट्या, ५० सेंटीमीटर लांब. कठडा फळीच्या पुढच्या कडेवर बाहेरून येतो, त्यामुळे आतली जागा खात नाही. दहा सेंटीमीटर रुंदीचं लाकूड सगळं मिळून साधारण २ मीटर ६० सेंटीमीटर लागलं, पण त्यातला एकही तुकडा ६० सेंटीमीटरपेक्षा लांब नाही. भंगारात नेमके असेच तुकडे निघतात. एकाच पट्टीतून दोन-तीन भाग काढणार असाल तर करवत दर कापाला दोन-तीन मिलिमीटर खाते, ते धरूनच खुणा करा.

मोठी मांडणी करायचा मोह झाला तर एक हिशेब जवळ ठेवा. तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर मधला झोळ आठपट होतो, आणि जाडी निम्मी केली तरी आठपट. १८ मिलिमीटरची फळी ६० सेंटीमीटरपर्यंत निर्धास्त. त्यापुढे मध्ये उभा टेकू द्या.

हत्यारं फार नाहीत. बारीक दातांची करवत, टेप, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), अणकुचीदार पेन्सिल, ड्रिल, पेचकस, दोन क्लॅम्प. क्लॅम्प नसतील तर सुतळी गुंडाळून काडीने पीळ देऊनही सांधा आवळता येतो. गुण्या मात्र उसना आणा पण आणा. डोळ्याने काढलेला काटकोन चार सांध्यांनंतर उघडा पडतो. काचकागद ८०, १२० आणि १८० नंबरचा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. प्लाय कापताना तर नक्कीच.

स्क्रू ४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब घ्या, म्हणजे १८ बाजूतून जाऊन ३२ फळीत शिरतात. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू लावू नका. प्लायच्या कडेत थर उलगडतात आणि भरीव लाकडाच्या टोकाला चीर जाते. फळीच्या टोकाकडून, म्हणजे तंतू कापले जातात त्या बाजूने, लाकूड गम पिऊन टाकतं. तिथे आधी पातळ हात द्यायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा हात देऊन सांधा जोडायचा. एवढं करूनही टोकातला स्क्रू तंतूंना आडव्या घातलेल्या स्क्रूइतका धरत नाही, म्हणून प्रत्येक फळीखाली दोन्ही बाजूंना दीड सेंटीमीटरची छोटी टेकू-पट्टी ठोका. दहा सेंटीमीटरच्या काड्या कुठेही सापडतात. खरं वजन त्यांच्यावर येतं.

गम लावण्याआधी सगळं एकदा कोरडंच जुळवून बघा, बाटल्यांसकट. आडवे-तिरपे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फळीची उंची बदलावीशी वाटली तर ती आत्ताच, गम लागल्यावर नाही.

पॉलिश भिंतीवर लावण्याआधी. इथे बंद बाटल्याच राहणार असल्याने पाण्यावर आधारित साधं वॉर्निश चालेल. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण द्या आणि वास गेल्याशिवाय सामान ठेवू नका. टोकं आणि प्लायच्या कडा यांना एक हात जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. अन्न थेट लागणारी वस्तू करत असाल तर खाण्यायोग्य दर्जाचं खनिज तेल लावा. स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते खवट होतं. जवसाचं तेल वापरलंत तर पुसलेला फडका चुरगाळून डब्यात टाकायचा नाही. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून फडका आपोआप पेटू शकतो. बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शेवटी भिंत. स्विचच्या सरळ वर, खाली, डावी-उजवीकडे तारा जातात असं धरूनच चाला. नळाच्या रेषेत पाइप असतो. तिथे भोक नाही. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी आणि ७० मिलिमीटरचे स्क्रू, म्हणजे १८ पट्टीत, पंधरा-वीस गिलाव्यात गेले तरी तीसच्या वर विटेत राहतात. ठोकून पोकळ आवाज आला तर भिंत पातळ बोर्डची असू शकते. तिथे स्क्रू आतल्या आधाराच्या दांड्यातच गेले पाहिजेत. टाइल असेल तर खुणेवर चिकटपट्टी लावा, टाइलचा बिट घ्या आणि ड्रिलचा ठोकण्याचा मोड बंद करून सावकाश चालवा; टाइल पार झाली की मग ठोका चालू. दोन स्क्रू वरच्या पट्टीत, दोन खालच्या. पहिला अर्धाच आवळा, पाणसळ ठेवून दुसऱ्याची खूण करा, मग दोन्ही घट्ट.

पहिल्या दिवशी अर्ध्याच बाटल्या ठेवा, जड खालच्या फळीवर. भरलेली बाटली ७०० ग्रॅमची निघाली असेल तर अठरा बाटल्यांचे साडेबारा किलो आणि लाकडाचे तीन-चार. दोन दिवसांनी वरच्या पट्टीच्या मागे कागद सरकवून बघा. सरकला नाही तर उरलेल्या बाटल्या चढवा. सरकला तर सामान उतरवून वरचे स्क्रू पुन्हा आवळा, आणि गिट्टी फिरत असेल तर ती काढून एक माप जाड गिट्टी बसवा.