रब्बीत नवे वाण, नवे तंत्र घेताना : पुणे जिल्ह्यातील लहान शेतकऱ्यांसाठी कृषी सल्ला

परतीचा पाऊस ओसरला की शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदरच्या शिवारांत रब्बीची लगबग सुरू होते. जिरायत ज्वारीची पेरणी 15 ऑक्टोबरपर्यंत आटोपावी, बागायती हरभरा 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरच्या दरम्यान पेरावा आणि बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. खरा पेच असतो तो नवे वाण, नवे अवजार किंवा अगदीच नवे पीक यंदा घ्यावे की नाही, याचा. एक-दोन एकरांच्या खातेदाराने इथे सावधपणा दाखवला तर त्याला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे आहे, कारण एक हंगाम हातचा गेला तर त्याचे कर्ज थकते आणि पुढच्या पेरणीला भांडवल उरत नाही.

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली वार्ता अनेकांना विक्रेत्याकडून कळली होती. ते पेरण्याचा विश्वास मात्र शेजाऱ्याच्या शेताकडे पाहून आला, आणि ज्यांनी ते पेरले त्यांनीही आरंभ थोड्या क्षेत्रावरच केला. आपल्याकडे आंबेमोहोर आणि आयआर-8 या भाताच्या दोन वाणांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी भात मावळ-मुळशीत रुजला, कारण त्यात सुवास होता, उतारा चांगला होता आणि तांदळाला पुण्याचे गिऱ्हाईक जवळच होते.

म्हणून नवे वाण प्रथम दोन-तीन गुंठ्यांवर घ्यावे. त्याला लागूनच, त्याच प्रतीच्या जमिनीत, त्याच दिवशी आणि तेवढ्याच खतपाण्यावर नेहमीचे वाण पेरावे. काढणीच्या वेळी बांधालगतच्या ओळी सोडून दोन्हींतील एकेक गुंठा मोजून वेगळा मळावा आणि वजन करावे. त्या वजनाला 40 ने गुणले की एकरी उतारा मिळतो. उताऱ्याबरोबर मजुरी, पाण्याच्या पाळ्या आणि औषधांचा खर्चही वहीत लिहावा, कारण दोन पोती जास्त देणारे वाण दोन पाळ्या जास्त मागत असेल तर फेब्रुवारीत तळ गाठणाऱ्या विहिरीवर ते परवडणार नाही.

हरभऱ्याची बीजप्रक्रिया अगदी स्वस्त असूनही अनेकदा टाळली जाते, कारण जो मर रोग आला नाही तो डोळ्यांना दिसत नाही. पेरणीपूर्वी प्रतिकिलो बियाण्यास 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावे, त्यानंतर 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम (हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) आणि तेवढेच स्फुरद विरघळवणारे जिवाणू संवर्धक लावून बियाणे सावलीत सुकवावे. घरात कोणाला शंका असेल तर चार ओळी प्रक्रियेविना पेराव्यात. मर लागलेली रोपे दोन्हीकडे मोजता येतील.

काही तंत्रे मात्र एकट्याने घेता येत नाहीत, आणि अनेक शिफारशी अडतात त्या इथेच. फुले विक्रम हे हरभऱ्याचे वाण उंच वाढते, घाटे जमिनीपासून वर लागतात, त्यामुळे कंबाईन हार्वेस्टरने काढणी होऊ शकते. परंतु एका एकरासाठी हार्वेस्टरवाला येणार नाही, आणि पाणंद अरुंद असेल तर यंत्र शेतापर्यंत पोहोचणारही नाही. ट्रॅक्टरमालक किंवा अवजारे बँक (भाड्याने अवजारे देणारे केंद्र) चालवणारा हाही लहान व्यावसायिकच आहे. रुंद वरंबा सरी यंत्र किंवा हार्वेस्टर आणताना त्यालाही पुरेसे तास मिळतील अशी खात्री लागते. तेव्हा लगतच्या शेतकऱ्यांनी पेरणीपूर्वी एकत्र बसून एकच वाण आणि साधारण एकच पेरणीची तारीख ठरवावी, एकूण क्षेत्र यंत्रमालकास आताच सांगावे आणि भाडे एकरी की तासाप्रमाणे, हे बोलून घ्यावे. या चर्चेत घरातील स्त्रियांनाही बसवावे. खुरपणी आणि कांद्याची लागण बव्हंशी त्यांच्याच हातून होते, त्यामुळे कोणते तंत्र कष्ट कमी करील आणि कोणते वाढवील, याची पारख त्यांना अधिक असते.

रब्बी कांदा ठिबकवर घ्यायचा असल्यास 120 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच गादीवाफे करून त्यावर 15 बाय 10 सेंटिमीटर अंतराने लागण करावी. विहिरीच्या पाण्यात गाळ असेल तर फिल्टरच्या खर्चात काटकसर करू नये. अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच संच खरेदी करावा. खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण सातबारा मालकाच्या नावावर असतो. त्यांनी निदान कराराची मुदत लेखी ठरवल्याशिवाय संचात पैसा गुंतवू नये.

ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी यांसारख्या भाज्यांचा विचार असेल तर बियाणे घेण्यापूर्वी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील दोन-तीन आडत्यांकडून मागील हंगामाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) पाहाव्यात. हॉटेलांवर अवलंबून असलेली मागणी मर्यादित असते आणि शेजारच्या दहा जणांनी तेच पीक घेतले की भाव उतरतो. ते पीक विम्यासाठी आपल्या महसूल मंडळात अधिसूचित आहे का आणि त्यासाठी सोसायटी कर्ज देते का, हेही आधी विचारावे.

बियाण्याची पक्की पावती, पिशवीवरील लेबल आणि थोडे बियाणे काढणीपर्यंत जपून ठेवावे. उगवण कमी झाल्यास विलंब न लावता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पाहणी होईपर्यंत ते क्षेत्र मोडू नये.