घरच्या बोआची पिल्लं घ्यावी का? जोडी लावण्याआधी हे ठरवा

दिवाळी उलटून रात्री गार व्हायला लागल्या की मला दरवर्षी एकदोन फोन येतात. "भाऊ, माह्यापाशी आता नर-मादी दोन्ही झाले. जोडी लावू का?" मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती करतो. गावात साप निघाला की लोक मलाच बोलावतात, आणि गेली आठ वर्षं माझ्याकडे बोआ या परदेशी सापाची एक मादी आहे. या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही. म्हणून ज्या क्रमानं मी समोरच्याला प्रश्न विचारतो, त्याच क्रमानं इथे लिहितो. मधे कुठेही उत्तर 'नाही' आलं, तर पुढचं वाचायची गरज नाही.

आधी साप ओळखा

आपल्याकडे 'बोआ' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी फिरतात. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला बोआ कन्स्ट्रिक्टर हा परदेशी साप, आणि हा लेख त्याच्याबद्दलच आहे. दुसरा आपला मांडूळ, ज्याला लोक दुतोंड्या म्हणतात. तिसरा दुरक्या घोणस. हे दोघेही बोआच्याच कुळातले आहेत, पण इथलेच, रानातले. तुमच्याकडे मांडूळ, दुरक्या किंवा अजगर असेल, तर पैदाशीचा प्रश्नच उरत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे साप घरी ठेवणं हाच गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि साप त्यांच्या हवाली करा.

मांडुळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विदर्भात त्याच्यामुळे घरं बरबाद झालेली मी पाहिली आहेत. 'इतक्या किलोचा मांडूळ आणा, लाखो रुपये देतो' असं सांगणारा माणूस शेवटी साप घेत नाही; तो तुमच्याकडून 'खर्चासाठी' पैसे घेतो. मांडुळाला दुसरं तोंड नसतं. शेपूट बोथट असल्यानं ती डोक्यासारखी दिसते, एवढंच. एकदा माझ्याकडे आलेल्या मांडुळाच्या शेपटीला तापलेल्या सळईनं दोन टिपके दिले होते, डोळे वाटावेत म्हणून. कात टाकताना त्या जागी कातडी अडकत होती आणि खालचं मांस ओलं दिसत होतं. असा साप कुणी 'पैदाशीसाठी जोडीला' विकायला आणला, तर घेऊ नका आणि विकणाऱ्याला घरात बसवूही नका.

कागद

बोआ कन्स्ट्रिक्टर सायटीस या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याची अर्जेंटिनाकडची उपजात पहिल्या परिशिष्टात आहे आणि तिच्या पैदाशीसाठी वेगळा परवाना लागतो. आपल्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि ही परिशिष्टं कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश २.० या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवावा लागतो. जन्मलेली पिल्लं कळवावी लागतात, दुसऱ्याला दिली तर तेही नोंदवावं लागतं. नर आणि मादी यांपैकी एकाचीही नोंदणी राहिली असेल, तर पिल्लं जन्मताच बेकायदा ठरतील आणि तुम्ही ती सरळ मार्गानं कुणाला देऊही शकणार नाही. शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरलाच आहे, एवढी आपली सोय आहे.

नवतप्याचा हिशेब

बहुतेक लोक इथे चुकतात, कारण बोआबद्दलची माहिती थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली असते. साप गरम कसा ठेवायचा, हे ते सांगतात. आपला प्रश्न उलटा आहे.

कॅलेंडर घेऊन बसा. रात्री गार झाल्या की, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत, जोडी लागते. मादीचं बीज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटतं. त्यानंतर ती एक कात टाकते. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवायची, कारण तिथून १०० ते १२० दिवसांत पिल्लं होतात. बोआ अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. समजा, कात १० मार्चला पडली. १०५ दिवस धरले तर २३ जून येतो. म्हणजे मादी गाभण असतानाच एप्रिल, मे आणि अख्खा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, जाणार.

बोआला पेटीच्या उबदार बाजूला ३१-३२ अंश आणि गार बाजूला २६ ते २८ अंश लागतात. तापमान बराच वेळ ३५ च्या वर राहिलं तर आईला त्रास होतोच, पोटातली पिल्लं मरतात किंवा वाकडी निपजतात. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या खोलीत काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

माझी मादी गाभण नव्हती, तरी एका मे महिन्यातली रात्र मी विसरत नाही. अकराच्या सुमारास लाइन गेली, कूलर बंद पडला. अर्ध्या तासानं टॉर्च मारून पाहिलं तर पेटीतला थर्मामीटर ३६ दाखवत होता. ती पाण्याच्या परातीत पूर्ण अंग टाकून, हनुवटी काठावर ठेवून पडली होती. जीभसुद्धा बाहेर येत नव्हती. मी तिला सुती खोळीत घातलं आणि जुन्या घराच्या मधल्या खोलीत नेलं. त्या खोलीला मातीच्या भिंती आहेत, वर माळा आहे. दारावर ओलं गोणपाट टाकलं. पहाटेपर्यंत तिथे ३०-३१ राहिलं. चार वाजता तिनं जीभ काढली, तेव्हा मी झोपायला गेलो.

म्हणून ठरवण्याआधी एक उन्हाळा नुसती चाचणी घ्या. जिथे पेटी ठेवणार त्या खोलीत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर लावा आणि एप्रिल-मे रोज वहीत आकडा लिहा. कूलर इन्व्हर्टरवर किती तास चालतो, ते रात्री प्रत्यक्ष चालवून पाहा. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, खोली नुसती दमट होते, हेही लक्षात घ्या. वहीत ३४ च्या वरचे दिवस सलग दिसले, तर उत्तर तिथेच मिळालं. हिवाळ्यातही रात्री पेटी २१-२२ च्या खाली जाऊ देऊ नका. आपल्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, आणि त्या गारठ्यात बोआची छाती भरते.

मादी तयार आहे का

तीन वर्षांत पिल्लं देणारी मादी असते, पण मी चार-पाच वर्षांच्या आतल्या मादीला जोडी लावा म्हणणार नाही. ती अंगानं भरलेली असावी, लठ्ठ नसावी. एका वेतानंतर निदान एक वर्ष पूर्ण विश्रांती द्यायची. नर-मादी एकाच वेताचे असतील तर विषय बंद करा.

आजाराची बाब मात्र हलक्यात घेऊ नका. बोआमध्ये 'इन्क्लूजन बॉडी डिसीज' नावाचा विषाणूजन्य आजार असतो. त्यावर इलाज नाही. साप वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो आणि तरी आतून रोगी असतो. आईकडून तो पिल्लांत उतरतो. खाल्लेलं वारंवार ओकणं, मान मागे वळवून वर बघत राहणं, उलटं पडल्यावर सरळ न होणं, ही त्याची लक्षणं. नवीन आणलेला नर किमान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी वेगळी, हात साबणानं धुतलेले. अंगावर गोचिडीसारखे बारीक काळे ठिपके फिरताना दिसले तर ते माइट आहेत. आधी त्यांचा बंदोबस्त करा.

तालुक्याचा पशुवैद्य मनानं कितीही चांगला असला तरी त्याचा हात गाई-बकऱ्यांवर बसलेला असतो. मादी अडली, पिल्लं आतच राहिली, तर कुणाकडे नेणार? नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर संस्था तुमच्यापासून किती तासांवर आहे, जूनच्या पहिल्या पावसात रस्ता कसा असतो, सापावर काम केलेले डॉक्टर कोण, हे जोडी लावण्याआधी जाऊन विचारून या. मादी अडल्यावर फोन नंबर शोधत बसायला वेळ नसतो.

शेवटच्या पिल्लाचा हिशेब

लोक पहिल्या विकल्या जाणाऱ्या पिल्लाचा हिशेब करतात. मी त्यांना शेवटच्या, न गेलेल्या पिल्लाचा करायला सांगतो.

एका वेतात दहापासून साठपर्यंत पिल्लं होऊ शकतात. पंचवीस धरून चला. प्रत्येक पिल्लू हातभर लांब असतं आणि प्रत्येकाला वेगळा डबा, वेगळं पाणी लागतं. आठ-पंधरा दिवसांत पहिली कात पडली की खाणं सुरू. आठवड्याला एक छोटा उंदीर म्हटला तरी सहा महिन्यांत ६५० उंदीर होतात. हे तुमच्या गावात मिळणार नाहीत. शेतातले किंवा घरातले पकडलेले उंदीर तर अजिबात देऊ नका. हरभऱ्याच्या बांधावर झिंक फॉस्फाईड टाकलेलं असतं, आणि त्या उंदरानं काय खाल्लंय ते तुम्हाला दिसत नाही. म्हणजे पांढरे उंदीर घरीच वाढवायचे. आठवड्याला पंचवीस हवे असतील तर बारा-चौदा माद्या कायम विणाऱ्या लागतात. घरातल्या बाईमाणसाला त्या वासासकट हे चालणार आहे का, हे आधी विचारा. माझ्या घरी विचारलं होतं. उत्तर 'नाही' आलं, आणि ते बरोबर होतं.

माझ्या एका मित्राकडे तेवीस पिल्लं झाली. पहिल्या चार महिन्यांत नऊ गेली, मग विचारणा आटली. तीन वर्षांनी सहा त्याच्याकडेच होती, प्रत्येक पाच फुटांच्या घरात. मोठी मादी सात-आठ फुटांपर्यंत जाते, कधी त्याहून लांब, आणि नीट ठेवलेला बोआ वीस ते तीस वर्षं जगतो. आज तुमची मुलगी पाचवीत असेल, तर तिच्या लग्नानंतरही तो साप तुमच्या घरी असेल.

मग 'रानात सोडून देऊ' हा विचार येतो. तो आला तरी अंमलात आणू नका. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर १९७१ मध्ये सोडलेले मोजके बोआ पुढे बेटभर पसरले आणि तिथले प्राणी खाऊ लागले. आपल्या टिपेश्वर-मेळघाटच्या रानात अजगर आधीच आहे. त्याला परक्या सापाचे रोग देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि गावाजवळ सोडलेला बोआ दुसऱ्याच दिवशी काठीखाली येतो.

लेकरांची भीती

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. आपली विषारी घोणसही (वरची दुरक्या नव्हे) जिवंत पिल्लं देते, आणि तीही उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर. म्हणजे तुमच्या डब्यांत बोआची पिल्लं असतील तेव्हाच बांधावर, कडब्याच्या गंजीखाली घोणसची पिल्लं असतील. दोन्ही आखूड, जाडसर, तपकिरी, अंगावर ठिपके. ज्या लेकराला बोआचं पिल्लू हातात घ्यायची सवय लागली, ते घोणसच्या पिल्लालाही हात घालेल. घोणसचं पिल्लू जन्मापासून विषारी असतं. घरात लहान मुलं असतील, शेजारची येत असतील, तर डबे कुलपाच्या खोलीत हवेत आणि पिल्लं मोजून ठेवायची, सकाळ-संध्याकाळ. एक कमी भरलं तर शेजाऱ्यांना त्याच क्षणी सांगायचं, लाज न बाळगता.

आता ठरवा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पाच नावं लिहा: पिल्लू घेणारी, नोंदणी करणारी, पिंजरा आधीच तयार असलेली पाच माणसं. 'घेईल बहुतेक' हे नाव नाही. शेजारी उन्हाळ्याची वही ठेवा, डॉक्टरांचा नंबर लिहा, आणि उरलेली वीस पिल्लं कुठल्या खोलीत राहतील ते लिहा. हे सगळं भरलं, तर या हिवाळ्यात नर मादीकडे सोडायला हरकत नाही. सोडताना दोघांचं पोट रिकामं असू द्या, एकत्र असताना त्यांना खायला घालू नका, आणि पहिले दोन तास समोर बसा.

कागद अर्धवट राहिला, तर नर-मादीच्या पेट्या वेगळ्या खोल्यांत ठेवा. 'थोडे दिवस सोबत राहू द्या' असंही नको. आठवडाभराच्या संगतीत मादी गाभण राहू शकते. निर्णयाची मुदत दसरा धरा. त्यानंतर रात्री गार होतात, आणि मग सापच ठरवायला लागतात.