रेट्रो थीमच्या संध्याकाळी नवा ड्रेस घेऊ नका

ऑफिसची किंवा मैत्रिणीची रेट्रो पार्टी ठरली की भाड्याच्या कपड्यांवर उगाच पैसे जातात. त्यापेक्षा आईची किंवा मावशीची साठ-सत्तरच्या दशकातली साडी मागा. खरा जुनेपणा ब्लाउजमध्ये दिसतो, म्हणून तिचा त्या वेळचा ब्लाउजही घ्या.

१. ब्लाउज घट्ट होत असेल तर आतून बघा. जुन्या शिवणीत बहुधा माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली असते. बाजूची एक टीप उसवली की बऱ्याचदा अंगात बसतो. नाक्यावरचा टेलर हे काम हातोहात करून देतो.

२. एकच दशक धरा. साठचं असेल तर चापूनचोपून साडी, उंच अंबाडा आणि डोळ्यांत लांब काजळ, एवढं पुरे.

३. कानातले मुंबईत भुलेश्वरला स्वस्तात मिळतात. जुनी पर्स, घड्याळ हवं असेल तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात.

जपायचं ते रेशमाला. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीवरच विरते. आधी उजेडात धरून बघा आणि सेफ्टी पिन मणी ओवूनच लावा, म्हणजे धागा अडकत नाही.