कुकू घड्याळ घेताना आधी वजनं उचलून बघा

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, विशेषतः ट्रिबर्गला, दुकानांच्या भिंती कुकू घड्याळांनी, म्हणजे ठोके देताना छोट्या दारातून कोकिळा बाहेर येणाऱ्या घड्याळांनी, भरलेल्या असतात. त्यांतलं खरं यांत्रिक कुठलं आणि सेलवर चालणारं कुठलं, हे लांबून कळत नाही.

१. साखळ्यांना लटकणारी पाइनच्या फळासारखी वजनं दुकानदाराला विचारून उचला. यांत्रिक घड्याळात ती लोखंडी, चांगली जड असतात. सेलवाल्यात नुसती शोभेची.

२. 'व्हीडीएस' या ब्लॅक फॉरेस्टच्या घड्याळ संघटनेचं प्रमाणपत्र मागा. घड्याळ यांत्रिक असेल आणि महत्त्वाचे भाग ब्लॅक फॉरेस्टमध्येच बनलेले असतील, तरच ते मिळतं.

३. चावी एक दिवसाची की आठ दिवसांची, ते विचारा. एक दिवसाचं स्वस्त पडतं, पण रोज आठवणीने साखळी ओढणार कोण? आठवडाभर चालणारंच घ्या. आणि रात्री कोकिळेला गप्प करायची सोय हवीच, नाहीतर शेजारी बोलतील.

४. प्रवासात साखळ्या निसटू नयेत म्हणून त्यांत तार ओवून घ्या, पक्ष्याच्या दाराची कडी लावा. वजनं वेगळी गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका.

वेळ असेल तर खरेदीआधी जवळच्या फुर्टवांगेनचं घड्याळ संग्रहालय बघून या. नजर तयार होते.

भारतात राहणाऱ्यांना ५० युरोंपेक्षा जास्त खरेदीवरचा व्हॅट परत मागता येतो. फॉर्म दुकानातच भरून घ्या. मात्र युरोपियन युनियन सोडताना कस्टम्सचा शिक्का लागतो आणि वस्तू दाखवावी लागते, त्यामुळे त्याआधी बॅग पट्ट्यावर जाऊ देऊ नका.