मराठी मिडियममधनं बीसीएला: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) झाली की आपल्या भागात घरोघरी तीच चर्चा, पुढं काय. खानापूर, येळ्ळूर, कडोली, उचगाव, निपाणी कुठनं पण बीसीए (बॅचलर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स) करू का असं विचारणारी पोरं भेटतात, आणि त्यातली बरीच दहावीपर्यंत मराठी मिडियमची असतात, म्हणजे प्रश्न दोन असतात, हे शिक्षण नेमकं कशाचं आणि मला इंग्रजीत झेपेल का. झेपतं. कसं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं हे सांगणारं घरात सहसा कोण नसतं.

माहिती कुठं तयार होते, कोण लिहितं, कोण वाचतं, कुठं चुकते आणि तिचा हिशोब मशीनकडनं कसा करून घ्यायचा, हा या डिग्रीचा गाभा. बीसीए तीन वर्षं. बीएस्सीला कॉम्प्युटर सायन्स घेऊन पण जवळपास तिथंच पोचता येतं. इंजिनिअरिंगमधलं इन्फर्मेशन सायन्स चार वर्षांचं, ते व्हीटीयूखाली येतं (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, १९९८ ला सुरू झालेली, मुख्यालय आपल्याच बेळगावात) आणि त्याला साधारण केसीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. बीसीएला इकडं साधारण पीयूसीच्या मार्कांवर कॉलेजात प्रवेश मिळतो. पीयूसीला कॉम्प्युटर सायन्स नव्हतं, आर्ट्स होतं, कॉमर्स होतं म्हणून लगेच नाद सोडू नका, बऱ्याच ठिकाणी चालतं, पण गणित किंवा अकाउंटन्सी लागते का हे प्रत्येक कॉलेजात जाऊन विचारा, नियम सगळीकडं सारखा नसतो.

आपल्या जिल्ह्यातली डिग्री कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली, हे २०१० चं, त्याआधी सगळं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडं होतं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. कर्नाटकात २०२१ ला एनईपी (नवं शिक्षण धोरण) आली, चार वर्षांची डिग्री आली, आणि २०२४-२५ पासून सरकारनं परत तीन वर्षं केली. त्यामुळं सीनियरकडनं मिळालेली सिलॅबसची झेरॉक्स डोळे झाकून वापरू नका, तुमच्या बॅचचा सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवरनंच घ्या. नोट्स मात्र घ्या, सी (प्रोग्रामिंगची भाषा) आणि डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) काय बदलत नाही.

महाराष्ट्रात जायचं असेल तर हिशोब वेगळा. निपाणीला चिकटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज जिल्ह्यानं कोल्हापूरचं आणि शिवाजी विद्यापीठाचं, म्हणजे रस्ता ओलांडला की नियम बदलले. २०२४ पासून बीसीए हे एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आलं आणि महाराष्ट्रानं त्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली, तिच्या फॉर्मची तारीख पीयूसीच्या निकालाची वाट बघत बसत नाही, म्हणून सेकंड पीयूसीत असतानाच सीईटी सेलच्या साइटवर नजर ठेवायची. आणि सीमावादातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या पोरांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागाची वेगळी सोय आहे हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. गाव त्या भागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा, प्रवेशाच्या आठवड्यात तालुक्याच्या ऑफिसात फार गर्दी असते.

मुलींसाठी अजून एक. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळं खानापूर किंवा निपाणीवरनं रोज बेळगावला येऊन शिकणं परवडतं. ही सवलत राज्यातल्या राज्यात, कोल्हापूरला जाणाऱ्या बसला ती धरू नका. वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा, नुसत्या बसच्या खर्चापायी मुलीला जवळच्या कुठल्यातरी कोर्सला घालू नका म्हणावं.

आता नावाचा विषय. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर नुसती इनिशियल, आधारवर बापाचं नाव मधी, आणि स्पेलिंग तिन्हीकडं वेगळं. इकडं प्रवेश, परीक्षेचा फॉर्म, निकाल सगळं यूयूसीएमएस या सरकारच्या विद्यापीठ पोर्टलवर चालतं, स्कॉलरशिप एसएसपी या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, आणि स्कॉलरशिपचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. नाव जुळलं नाही की काम अडकतं. म्हणून मे महिन्यातच आधार, मार्क्स कार्ड, पासबुक, जात-उत्पन्नाचे दाखले एका टेबलावर मांडून बघा आणि एसएसएलसी कार्डावर जे नाव आहे तेच बाकीकडं करून घ्या. हे नुसतं कागदाचं काम समजू नका, दुसऱ्या वर्षी डेटाबेस शिकताना हीच गोष्ट परत येणार आहे.

इंग्रजीचं. पहिल्या सेमिस्टरला सगळ्यात जास्त पोरं इथंच घाबरतात, वर्गात सर भराभर इंग्रजीत आणि मधनं मधनं कन्नडात सांगतात आणि मागच्या बाकावर बसून नुसतं उतरून घ्यायचं चालू होतं. असं करू नका. आधी गोष्ट मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहायला शिका, हा क्रम सोडायचा नाही. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा, डावीकडं आपल्या भाषेत दोन ओळीत काय चाललंय ते, उजवीकडं परीक्षेत लिहायचं ते इंग्रजी वाक्य. पॉइंटर, लूप, टेबल, की, ट्रान्झॅक्शन हे शब्द मराठी करत बसू नका, ते आहेत तसेच ठेवा, बाकीचं वाक्य मराठी असू द्या. आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल म्हणून छोटे व्हिडिओ आहेत, सी, जावा, पायथन, लिनक्स असे विषय त्यात मराठीत सांगितलेत आणि फुकट आहेत. ते बघताना शेजारी मशीनवर करत जायचं, नुसतं बघून काय हाताला लागत नाही. ते झालं की त्याच विषयाचं एनपीटीईएलचं (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सचं) इंग्रजी लेक्चर ऐका, अर्थ आधीच माहीत असल्यामुळं कान इंग्रजीला लवकर बसतो. दिवाळीपर्यंत फरक कळतो.

कन्नड पण शिका. मनापासून सांगतोय. वर्गातल्या दोस्तांकडनं, लॅब असिस्टंटकडनं, बसमधनं शिका. बेंगळुरात रूम शोधताना, बेळगावातल्या एखाद्या ऑफिसचं सॉफ्टवेअर करताना, तिथल्या क्लार्कला त्याची अडचण विचारताना कन्नड येणारं मराठी पोर सगळ्यात पुढं असतं. मराठी हा भाषा विषय म्हणून कॉलेजात मिळतो का हे पण प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

सी लँग्वेजवर फार वेळ घालवू नका असं कोण सांगत असेल तर ऐकू नका. ती १९७२ च्या आसपास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी केली आणि अजून सगळ्याच्या बुडाशी तीच आहे. प्रोग्राम पाठ करायचा नाही, कागदावर चालवून बघायचा, आय या व्हेरिएबलची किंमत किती झाली, एरेच्या कुठल्या घरात काय पडलं, ओळीगणिक लिहायचं. ज्याला कागदावर लूप चालवता येतो त्याला पुढं जावा जड जात नाही. लॅपटॉपसाठी पहिल्याच महिन्यात कर्ज काढू नका, लॅबचे तास पूर्ण वापरा, लॅब रिकामी असेल तेव्हा सरांना विचारून बसा. घ्यायचाच तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना पण चालतो. त्यावर लिनक्स टाकून बघा, ऑपरेटिंग सिस्टीम विषयाला त्याचा फार उपयोग होतो.

डीबीएमएस हा माझ्या मते अख्ख्या डिग्रीतला सगळ्यात मोलाचा विषय, आणि आपल्या गावातल्या पोरांना तो शहरातल्यापेक्षा लवकर कळायला पाहिजे, कारण आपण रजिस्टरं बघत वाढलोय. गावातली दूध डेअरी घ्या. सकाळी रांग लागते, सभासद नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर, रक्कम. आता हे सगळं एकाच टेबलात घातलं आणि प्रत्येक ओळीत नाव, बापाचं नाव, गल्ली, मोबाइल परत परत लिहिलं तर काय होईल, एकाचा मोबाइल बदलला की शेकडो ओळी बदलाव्या लागतील आणि चार राहून जातील. म्हणून सभासदाचं टेबल वेगळं, रोजच्या दुधाचं वेगळं, आणि दुधाच्या टेबलात फक्त सभासद नंबर. झालं, नॉर्मलायझेशनचं अर्धं काम इथंच कळलं. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात, मग नाव ही ओळख होऊ शकत नाही, नंबर होतो, ती प्रायमरी की. तुमचं मार्क्स कार्ड आणि आधार जुळत नव्हतं त्याचं कारण पण हेच, दोन ऑफिसांनी माणूस नावानं ओळखायचा प्रयत्न केला.

अजून पुढं जाऊ. दराचा तक्ता. फॅटप्रमाणं दर ठरतो आणि तो मधीच बदलतो. तुम्ही जुना दर पुसून नवा लिहिला आणि मागच्या दहा दिवसांचं बिल परत काढलं तर रक्कम बदलून येणार, आणि सभासद काउंटरवर येऊन भांडणार, बरोबरच भांडणार. म्हणून दराच्या टेबलात 'कुठल्या तारखेपासून' हे घर (कॉलम) पाहिजेच, आणि संकलनाच्या ओळीत त्या दिवशी लागलेला दर पण ठेवायचा. पुस्तकात हे कुठंतरी एका परिच्छेदात असतं, डेअरीत उभं राहिलं की पाच मिनिटात डोक्यात बसतं. मग पशुखाद्याची कपात, उचल, बिल, यांची टेबलं काढा, ईआर डायग्राम (टेबलं आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती) काढा, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतलं सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय सगळं याच डेटावर करा. या दहा दिवसांत कुणाचं दूध कमी झालं, कुठल्या सभासदाची फॅट अचानक पडली, हे प्रश्न तुम्हाला स्वतःला पडायला लागले की एसक्यूएल आपोआप येतं. टेबलांची ही कल्पना १९७० मध्ये आयबीएममधल्या कॉड यांनी मांडली, ईआर डायग्राम १९७६ ला पीटर चेन यांनी. दोन मार्कांना विचारतात.

याच डेटात नाव मराठीत आणि कन्नडात दोन्ही छापून बघा, आपल्या भागात पावती दोन लिप्यांत लागणारं गिऱ्हाईक असतंच. युनिकोडमध्ये देवनागरीला आणि कन्नडला वेगवेगळे कोड दिलेत, यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत यातलं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून घराची लांबी बाइटमध्ये मोजली तर नाव अर्धंच बसतं. एक मात्र पाळा, खऱ्या लोकांची नावं, मोबाइल, रक्कम प्रोजेक्टमध्ये घालायची नाही. रचना डेअरीची घ्या, माणसं मनानं तयार करा.

ट्रान्झॅक्शनसाठी पतसंस्था बघा. पिग्मी खात्यातनं पैसे काढून कर्जखात्यात भरायचे आहेत, पहिलं झालं आणि लाइट गेली, आता पैसे कुठं. दोन्ही होणार किंवा एक पण होणार नाही, याला अ‍ॅटॉमिसिटी म्हणतात. सिस्टीम अ‍ॅनालिसिससाठी ओळखीनं परवानगी काढून बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी फाउंड्री बघून या, हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) कोण लिहितं, रिजेक्शन कुठं नोंदवतात, तो कागद शेवटी कुणाच्या टेबलावर जातो. जाताना वही न्या, मोबाइलवर फोटो काढत सुटू नका. आधी ऐका, जो माणूस रोज ते रजिस्टर लिहितो त्यालाच विचारा की कुठं वेळ जातो.

नेटवर्क, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे विषय वाचून निघतात, आकृत्या काढायची सवय ठेवा. डिस्क्रीट मॅथ्स मात्र रोज थोडं थोडं, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी पहिल्या आठवड्यापासून. मागच्या पेपरांचे प्रश्न वेळ लावून इंग्रजीत लिहून काढा, मित्राला तपासायला द्या. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि एखादा विषय राहिला तर पुढच्याच संधीला काढून टाका, साठवला की शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि बॅकलॉग एकदम अंगावर येतात.

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट विकत मिळतं, घेऊ नका. मुलाखतीत हे टेबल असं का केलं एवढा एकच प्रश्न येतो आणि विकत घेतलेल्याला त्याचं उत्तर नसतं. वर सांगितलेली डेअरी दुसऱ्या वर्षी सुरू केली असेल तर तिसऱ्या वर्षी तीच वाढवा, गिटहबवर (कोड ठेवायची साइट) ठेवा. टीसीएस, विप्रोसारख्या कंपन्या बीसीए-बीएस्सीवाल्यांची वेगळी भरती करतात, विप्रोच्या एका योजनेत नोकरी करता करता एमटेक पण करता येतं. तिथं दहावीपासूनचे मार्क आणि चालू बॅकलॉग बघतात, म्हणून फॉर्म भरायच्या आधी अटी वाचा. पुढं एमसीए (बीसीएनंतरची मास्टर डिग्री) करायचं तर ते आता दोन वर्षांचं आहे, प्रवेश परीक्षा म्हणजे कर्नाटकात पीजीसीईटी, महाराष्ट्रात त्यांची एमसीए सीईटी, आणि एनआयटीला निमसेट, तिला डिग्रीत गणित किंवा स्टॅटिस्टिक्स लागतं. निमसेट द्यायचा विचार असेल तर पेपरात निम्म्याच्या आसपास गणितच असतं, तयारी पाचव्या सेमिस्टरला सुरू करा.