प्रोसेसरचे काउंटर वाचताना आलेली अडचण (माझा अनुभव)

कळमन्याच्या बाजारासाठी आम्ही नागपुरात फोटोवरून संत्र्यांची प्रतवारी करणारा प्रोग्रॅम लिहितोय. तो कुठे अडतो हे कॅश-मिस (हवा तो डेटा प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत न सापडणं) मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. अशा घटना (इव्हेंट) प्रोसेसरमधले काउंटर मोजतात. लिनक्समध्ये ते वाचायला 'पर्फ_इव्हेंट_ओपन' हा सिस्टीम कॉल (कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, केलेली विनंती) आहे. जीलिबसी या सी भाषेच्या लायब्ररीत त्याचं तयार फंक्शन नाही, 'सिस्कॉल' या सर्वसाधारण फंक्शनमधूनच बोलवावं लागतं. बोलवलं, तर परवानगी नाकारली.

'पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड' या कर्नलच्या सेटिंगची किंमत 2 होती, म्हणजे साध्या युजरला कर्नल मोजता येत नाही. अशा वेळी लोक सरळ रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) चालवतात. मला ते अजिबात पटत नाही. कॉलमधला 'एक्सक्लूड_कर्नल' (कर्नल वगळा) हा पर्याय 1 केला आणि काम झालं. कर्नलही मोजायचाच असेल, तर लिनक्स 5.8 पासून 'कॅप_पर्फमॉन' ही मोजमापापुरती वेगळी परवानगी आहे.

पण आकडे दर वेळी वेगळे येत. खरी गोम इथेच होती! प्रोसेसरमध्ये काउंटर मोजकेच असतात. जास्त इव्हेंट मागितले की कर्नल त्यांना आळीपाळीने जागा देतो. म्हणून कॉलच्या 'रीड_फॉरमॅट' या पर्यायात इव्हेंट सुरू असल्याचा वेळ आणि प्रत्यक्ष मोजल्याचा वेळ, दोन्ही मागून घ्या. आकड्याला पहिल्याने गुणायचं, दुसऱ्याने भागायचं. तरीही तो अंदाजच, म्हणून मी इव्हेंटच कमी केले. मग दिसलं, चित्र मेमरीत ओळीने साठवलेलं असताना एक लूप ते स्तंभाने वाचत होतं. क्रम उलटवताच कॅश-मिस धाडकन खाली आले.