जुन्या बास गिटारची पारख: ठाणे-नवी मुंबईत या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

जुन्या बास गिटारला एकच एक साल नसतं. नेकचं साल वेगळं, बॉडीचं वेगळं, आतल्या पॉटचं (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) वेगळं, आणि नेकप्लेटवरच्या (नेकच्या स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवरच्या) नंबरावर तर पटकन विश्वासच ठेवू नये. ही सगळी सालं एकमेकांशी जुळतात का ते बघायचं, जुळत नसतील तर का ते शोधायचं आणि जे सापडलं ते गिऱ्हाइकाला लेखी द्यायचं, हे या धंद्याचं मुख्य काम. घासाघीस आणि जाहिरात हळूहळू जमते. पारख मात्र उघडलेल्या गिटारी बघूनच येते, म्हणून खरेदी-विक्रीच्या आधी कुणाच्या तरी हाताखाली सेटअप आणि दुरुस्ती शिका.

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ या पट्ट्यात फेंडर या अमेरिकन कंपनीची साठच्या दशकातली बास क्वचितच दिसते. जास्त करून मिळतो तो १९७० आणि ८० च्या दशकांतला जपानी माल: आयबानेझ, ग्रेको, टोकाय, आरिया. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ऑर्केस्ट्राला साथ केलेले जुने वादक, चर्चची बँडमंडळी, आखातातून परतलेल्यांचे माळे, अशा ठिकाणी विचारत राहावं. नव्या माणसाने सुरुवात याच मालापासून करावी. एक तर चूक झाली तरी ती परवडते. दुसरं म्हणजे बाजारातल्या बऱ्याच बनावट फेंडर याच जपानी कॉप्यांचा लोगो घासून, वर नवं डेकल (लोगोचा स्टिकर) चिकटवून तयार झालेल्या असतात. मूळ कॉपी हाताळलेली असली की बनावट चटकन ओळखू येते.

बघायला जाताना पिशवीत एवढं हवंच: फिलिप्स नंबर दोनचा हाताने फिरवायचा स्क्रूड्रायव्हर, व्हर्नियर, मल्टिमीटर, यूव्ही टॉर्च, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि स्वतःची केबल. सौदा स्टेशनच्या पुलावर किंवा हॉटेलात करू नका. तासाच्या भाड्याने मिळणारी जॅमरूम घ्या. तिथे अँप असतो, टेबल असतं आणि दिवे बंद करता येतात. विकणारा नेक उघडू द्यायला तयार नसेल, तर ती गिटार ‘तपासलेली नाही’ असं धरूनच भाव सांगा.

आधी न उघडता. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा, नेक बॉडीला जुळतो तिथली फ्रेट बोटाने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.३ ते ०.४ मिलिमीटर असेल तर उत्तम. एक मिलिमीटरच्या वर असेल तर ट्रस रॉडमध्ये (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या दांड्यात) किती दम उरलाय, हा पहिला प्रश्न. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. फेंडर घाटाच्या बासवर ‘जी’ (G) तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. नवे लोक तो दोष समजून सौदा मोडतात. लाकडाच्या नेकच्या स्वतःच्या कंपनामुळे ते होतं, अगदी अस्सल साठच्या दशकातल्या बासवरही. नटची (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदीही मोजून घ्या: फेंडरच्या दोन मॉडेलांपैकी प्रिसिजनची साधारण ४४.५ मिलिमीटर, जॅझची ३८. जॅझचा नेक लावलेल्या प्रिसिजन बऱ्याच असतात. तो बदल मूळचा असू शकतो किंवा नंतरचाही, पण भावात त्याचा हिशेब धरावाच लागतो.

आता मल्टिमीटर. केबल गिटारला लावा, सगळे नॉब पूर्ण उघडा आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगचं टोक व बाहेरची नळी यांमधला रोध मोजा. १९५७ नंतरच्या प्रिसिजनच्या दोन तुकड्यांत विभागलेल्या पिकअपचा (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचा) रोध साधारण १० ते ११ किलोओहम येतो. त्याचे दोन अर्धे भाग सिरीजमध्ये जोडलेले असतात. म्हणून त्यातला एक जरी तुटला तरी मीटरवर थेट २५० किलोओहमच्या आसपास आकडा दिसतो, कारण मग मोजला जातो तो फक्त व्हॉल्यूम पॉट. जॅझमध्ये दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना साडेतीन ते चार किलोओहम येतात. एक व्हॉल्यूम शून्यावर आणला की उरलेल्या पिकअपचे सातच्या आसपास दिसतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: तांब्याचा रोध दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्क्याने वाढतो. अमेरिकन तक्त्यांतले आकडे २० अंशांच्या आसपासचे धरले, तर ठाण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी तोच पिकअप पाच टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवतो. १०.५ च्या जागी ११ दिसले म्हणून ‘पुन्हा गुंडाळलेला पिकअप’ असा शिक्का मारू नका.

तुटलेली कॉइल आपल्याकडे जास्त सापडते आणि त्याला कारण आहे. जुन्या फेंडर पिकअपमध्ये केसाएवढी तांब्याची तार थेट चुंबकाच्या दांड्यांभोवती गुंडाळलेली असते. मधे फार तर लॅकरचा पातळ थर. खाडीच्या खारट दमट हवेत चुंबक गंजतो, गंज तारेपर्यंत पोचतो आणि आतून तार खातो. चुंबकाच्या डोक्यावर तपकिरी पावडर दिसली की आत काय चाललंय ते समजायचं. पिकअपखालचा आणि ब्रिजच्या कव्हरमधला फोमही पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. त्याखालची ब्रिजप्लेट जरूर बघा.

मग उघडायचं. तारा सैल करा, नेकचे स्क्रू ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर ठेवा, आणि पॉवर ड्रायव्हर अजिबात नको, जुनी भोकं एका सेकंदात निकामी होतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फेंडर बासचा ट्रस रॉड नेकच्या टाचेकडूनच (बॉडीत बसणाऱ्या टोकाकडूनच) फिरतो, म्हणजे नेक आधी अनेकदा निघालेला असणारच. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असणं हा बनावटपणाचा पुरावा नाही.

टाचेवरचा शिक्का नीट वाचायला शिका. १९६२ च्या आसपासपासून फेंडरच्या नेकवर ‘५ ऑग ६६ सी’ अशा धर्तीचा शिक्का येतो. नवखे लोक याला पाच ऑगस्ट समजतात. इथला पाच हा प्रिसिजनच्या नेकचा कोड, जॅझसाठी सात. महिना आणि साल मधे, शेवटचं अक्षर नटच्या रुंदीचं: ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश, सी म्हणजे पावणेदोन. शिक्क्यात सी असून नट ३८ मिलिमीटरची असेल, तर शिक्का किंवा नेक यातलं काहीतरी खोटं आहे. शिवाय ही तारीख नेक बनल्याची आहे. पूर्ण गिटार पुढे काही महिन्यांनी जोडली गेलेली असू शकते.

त्याच वेळी नेकपॉकेटमध्ये (बॉडीतल्या नेक बसायच्या खाचेत) टॉर्च मारा. साधारण १९६३ पासून फेंडर बॉडी रंगवताना तिला तिथे पट्टी लावून धरत, त्यामुळे पॉकेटच्या तळाशी रंग न लागलेला पट्टा राहतो. त्या काळानंतरच्या बॉडीचा तळ काठोकाठ रंगलेला असेल तर पुन्हा रंगवल्याची शक्यता मोठी. पॉकेटच्या किंवा कंट्रोलच्या खाचेच्या कडेला प्लायवूडचे थर दिसले तर ती बहुधा सत्तरच्या दशकातली जपानी कॉपी समजा, हेडस्टॉकवर (नेकच्या लोगो असलेल्या टोकावर) काहीही लिहिलेलं असो. स्क्रूही बोलतात: अमेरिकन मालात इंचाचे, जपानी मालात मेट्रिक. पॉटचा दांडा अमेरिकन असेल तर सव्वासहा मिलिमीटरहून किंचित जास्त, जपानी असेल तर सहा.

पॉटच्या पाठीवर किंवा कडेला कोरलेला आकडा हा सगळ्यात कामाचा पुरावा. ‘१३७६६३३’ असं असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे त्या वर्षातला तेहतिसावा आठवडा. ३०४ ने सुरू झाला तर स्टॅकपोल. पण यातून एवढंच कळतं की ती गिटार त्या आठवड्याच्या आधी जोडलेली नाही. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यावर पॉटचा मोठा साठा भरला गेला, म्हणून १९६६ चे पॉट १९६८-६९ च्या गिटारींमध्येही निघतात. सोल्डरचा गोळा मात्र बारकाईने बघा. जुना न हललेला गोळा मंद राखाडी आणि सलग असतो. त्यावर दुसऱ्यांदा वितळलेली चमकदार कडा, जळलेला फ्लक्स किंवा कापडी तारेच्या टोकाला नवी प्लास्टिकची तार दिसली, की काहीतरी बदललं आहे.

नंबराचं थोडक्यात. फेंडरवर १९७६ पर्यंत तो नेकप्लेटवर, म्हणजे चार स्क्रूंनी बदलता येणारा. नंतर हेडस्टॉकच्या डेकलवर. ‘एस९’ ने सुरू होणारे नंबर १९८१ पर्यंतच्या मालावर सापडतात, त्यामुळे त्यावरून साल ठरवू नका. १९७५ नंतरच्या जपानी आयबानेझचं बरं असतं: अक्षर म्हणजे महिना, पुढचे दोन आकडे साल. ‘सी ७८’ म्हणजे मार्च १९७८. फेंडर जपानची सुरुवात १९८२ ची, आणि तिच्या सुरुवातीच्या ‘जेव्ही’ नंबरांना आज चांगला मान आहे.

दिवे बंद करून यूव्ही टॉर्च फिरवा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळट हिरवं चमकतं, ताजा रंग काळपट जांभळा दिसतो. चमक एका ठिकाणी तुटलेली असेल तर तिथे डागडुजी झाली. पण १९६८ पासून फेंडरने जाड पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली, तिथे ही कसोटी बॉडीवर चालत नाही.

भावाबद्दल. पुन्हा रंगवलेल्या बासला मूळ रंगाच्या बासच्या साधारण निम्मा भाव येतो, रंगकाम कितीही सुबक असो. बदललेले पिकअप, पॉट, ट्यूनर प्रत्येकी भाव खाली ओढतात, पण मूळ भाग पाकिटात जपून ठेवले असतील तर बराचसा परत मिळतो. म्हणून विकताना कधीही ‘साफ’ करू नका. पितळ घासणं, सोल्डर नवं करणं, लॅकरवर पॉलिश मारणं यातून पुरावेच पुसले जातात. ‘सगळं ओरिजिनल’ हे शब्द तुम्ही स्वतः प्रत्येक भाग उघडून बघितला असेल तेव्हाच लिहा. नाहीतर ‘पॉट आणि नेकची तारीख बघितली, पिकअपखाली बघितलं नाही’ असं सरळ लिहा. अशा ओळीमुळे गिऱ्हाईक तुटत नाही, उलट दुसऱ्यांदा येतं. टोकन देताना नंबर, फोटो, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि सही घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे.

परदेशातून मागवत असाल तर कस्टम्सच्या कागदांवर ९२०७ हा कोड येतो. किंमत कमी दाखवू नका. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फेंडरचा फिंगरबोर्ड रोझवूडचा असेल तर ते बहुधा ब्राझिलियन रोझवूड असतं. १९९२ पासून ते सायटिसच्या (धोक्यातल्या वन्यप्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे सीमा ओलांडायला परवाना लागतोच. २०१९ मध्ये तयार वाद्यांना मिळालेली सूट बाकीच्या रोझवूडसाठी आहे, या लाकडासाठी नाही.

घरी आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायचा प्रयत्न करा. जुलैत केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर टाका, जेल दर पंधरवड्याला तापवून सुकवा. रबराच्या स्टँडवर नायट्रोची बास उभी ठेवू नका, रबर लॅकर वितळवतं. कुरिअरला देताना तारा एक-दोन स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका. हेडस्टॉकच्या मागे आणि नेकखाली कापडाच्या घट्ट घड्या भरा, म्हणजे खोका आपटला तरी हेडस्टॉक हवेत हिंदकळणार नाही. आधी सुती कापड, मगच बबल रॅप: उन्हात तापलेल्या टेंपोत बबलचे गोल वण लॅकरवर उमटतात. विमानाने जाणार असेल तर गिऱ्हाइकाला आधीच बजावा की केस हाती आल्यावर काही तास बंदच ठेवायची. थंड लॅकरला ठाण्याची गरम दमट हवा एकदम लागली की त्यावर बारीक चिरा पडतात.